सुचतंय कसलं, कापड सरलं!

हल्ली प्रेरणेशिवाय कुणी काही करत नाही. पूर्वी माणसं नुसतं लोणचं घालायची, आता लोणच्यामागची कहाणीही बरणीला चिकटवतात. हस्तकलेच्या प्रदर्शनात तर प्रत्येक वस्तूपुढे एक छोटं कार्ड उभं असतं. वस्तू काय आहे ते त्यावर नसतं, ती का सुचली ते असतं. गोधडीच्या वाट्याला हे कार्ड हमखास येतं. गोधडी भिंतीवर टांगलेली, तिच्यावर खास दिवा सोडलेला आणि खाली लिहिलेलं : 'मावळत्या सूर्याचा सह्याद्रीशी संवाद'. जवळ जाऊन बघावं तर सूर्य म्हणजे कुणाच्या तरी परकराचा केशरी तुकडा निघतो आणि सह्याद्री म्हणजे हिरव्या पातळाचा काठ. त्याखालचा किमतीचा आकडा वाचला की अंगात अशी ऊब येते, की गोधडी विकत घ्यायची गरजच उरत नाही.

गोधडी 'डिझाइन' करतात, हे ज्या बायकांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या सातारा भागात तिला वाकळ म्हणतात. तिकडं आमच्या थोरल्या काकूंकडे मागं एक डिझाइन शिकणारी मुलगी आली होती. हातात वही, फोनवर रेकॉर्डिंग चालू. काकूंनी नुकतीच हातावेगळी केलेली वाकळ ओसरीवर पसरली होती. हिरव्या चौकोनांच्या ओळी शिस्तीत चालल्या होत्या आणि शेवटून दुसऱ्या ओळीत अचानक एक लालभडक चौकोन उगवला होता. त्या एका चौकोनानं सगळी वाकळ जागी केली होती. मुलगी हरखून गेली.

"काकू, हे लाल इथं आणायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचतंय कसलं? हिरवं सरलं."

"पण मग लालच का?"

"लाल उरलं हुतं."

मुलीनं वहीत काय लिहिलं कोण जाणे. 'उत्स्फूर्त रंगयोजना' असं काहीतरी असावं. काकूंच्या लेखी विषय संपला होता. त्या चहा ठेवायला आत गेल्या. मला विचाराल तर गोधडीच्या प्रेरणेवर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. काहीतरी सरतं, काहीतरी उरलेलं असतं, आणि या दोहोंच्या मधे बसून एक बाई ठरवते की भागवायचं तर खरं, पण भागवलंय असं दिसू द्यायचं नाही.

आता हा सरण्या-उरण्याचा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. गोधडीपर्यंत पोचणारं कापड दुकानातून थेट येत नाही. ते आख्खी नोकरी करून, निवृत्त होऊन येतं. नऊवारी लुगडंच घ्या. पहिली काही वर्षं ते लग्नाकार्यात मिरवतं, मग बाजाराला जातं, मग शेतात. बसून-उठून मधला भाग विरला की तो कापून काढायचा आणि धड राहिलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी काही पावसाळे काढतं. तेही नेसण्यापलीकडे गेलं की त्यातून नातवाचं दुपटं निघतं, कारण कोरं कापड तान्ह्या अंगाला टोचतं. दुपट्यातून उरलं ते गोधडीला आणि गोधडीतूनही उरलं तर पोतेऱ्याला. त्यामुळे गोधडीसाठी तुकडे निवडणारी बाई आधी रंग बघतच नाही. ती कापड दोन्ही हातांनी उन्हात धरते आणि त्यातून पलीकडचं किती दिसतं ते बघते. पलीकडं गोठ्यातली म्हैस ओळखू आली तर तुकडा आतल्या थरात. नुसता उजेड आला तर तळाला. काहीच दिसलं नाही तर त्याला वरच्या थरात मानाची जागा. समीक्षक ज्याला पोत म्हणतात, त्याचा निकाल इथं म्हशीच्या साक्षीनं लागतो.

या निवडीत आणखी एका बाईचं मत निर्णायक असतं. ती घरातली नसते. ती बोहारीण. ऐन दुपारी, पुरुषमाणसं घरात नाहीत असं बघून ती भांड्यांची पाटी दारात उतरवते आणि मग जे सुरू होतं ते आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटींनाही जमणार नाही. तिला जरीची साडी हवी, धड असलेली पँट हवी, शर्ट कॉलरला विटका नको. सुती, विरलेलं, दंड घातलेलं ती बोटाच्या टोकानं बाजूला सारते. तिनं सारलेलं ते गोधडीचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गोधड्यांची रंगसंगती अशी बोहारणीनं नाकारलेल्या मालातून ठरली आहे, पण एकाही प्रदर्शनात तिचे आभार मानलेले मी पाहिले नाहीत. एखाद्या गोधडीत पँटचं कापड औषधालाही सापडत नसेल तर त्या घरात झाकणासकट एक पातेलं जास्तीचं आहे, असं खुशाल समजावं.

तिसरी प्रेरणा ओटीची. ब्लाउजपीस ही वस्तू आपल्याकडे शिवण्यासाठी नसतेच, ती पुढे देण्यासाठी असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरातून निघालेला मोरपंखी ब्लाउजपीस बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत असा मुक्काम करत करत दिवाळीच्या सुमाराला मूळ घरी परत येतो. घरची बाई त्याला ओळखते, तोही तिला ओळखत असणार, पण चारचौघांत दोघंही ओळख दाखवत नाहीत. या फेऱ्यातून त्याची सुटका करायची ताकद फक्त गोधडीत आहे. एकदा कात्री लागली की तो कुणाच्या ओटीत जाऊ शकत नाही. म्हणूनच गोधड्यांत असे रंग सापडतात जे जाणून कुणी निवडले नसते : धड गुलाबी नाही, धड विटकरी नाही, आणि त्यावर सोनेरी ठिपके. प्रदर्शनाला आलेला माणूस त्यापुढे उभा राहून 'काय धाडस आहे!' म्हणतो. धाडस देणाऱ्याचं होतं. आहेरातले टॉवेलही असेच मधल्या थरात कामी येतात. टोपीचं काय करायचं ते मात्र अजून कुणाला उमगलेलं नाही.

कापड जमलं की प्रश्न येतो कुठं काय लावायचं. बघणाऱ्याला गोधडी चारी बाजूंनी सारखी दिसते. शिवणारीला तिचं डोकं कुठं आणि पाय कुठं हे पक्कं ठाऊक असतं. सासूबाईंचं लुगडं मधोमध, हा मान. गेलेल्या आजेसासूबाईंचं असेल तर उशाकडे, म्हणजे रात्री गालाला लागतं. माहेरच्या साडीचा तुकडा लहान असला तरी डोळ्यांत भरेल अशा ठिकाणी. आणि नणंदेनं मानपानात दिलेली, पहिल्याच धुण्यात शेजारच्या चार कपड्यांना आपला रंग वाटून बसलेली साडी? ती पायथ्याशी असते. रोज रात्री तिच्यावर पाय ठेवून झोपण्यात जे समाधान आहे ते कुठल्या कार्डावर लिहिणार? नणंद माहेरपणाला आली की हीच गोधडी तिला पांघरायला मिळते आणि ती कौतुकानं म्हणते, "वहिनी, अगं ही माझीच साडी ना? किती जपलीस!"

शिवण्याचा मुहूर्त उन्हाळ्यात. सुगी उरकलेली असते, पाऊस लांब असतो आणि दुपारी दुसरं काही करण्यासारखं नसतं. अंगण किंवा ओसरी झाडून तळाचं लुगडं ताणून पसरायचं. कोपऱ्यांवर वरवंटा, जड तांब्या, गव्हाचं माप असं काही ठेवायचं आणि चौथ्या कोपऱ्याला काही सापडलं नाही तर एखादं पोर झोपवायचं. मग थरावर थर. आत कधीकधी जुनी गोधडीही जाते, म्हणजे पणजीची गोधडी आजीच्या गोधडीच्या पोटात आणि तिच्यावर आईचं लुगडं. लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरलं की धावदोरा सुरू होतो. कडेपासून आत, चौकोनात चौकोन, मधोमध येईपर्यंत. चार बाजूंना चार बायका बसल्या तर काम झरझर उरकतं. सुई जाड, थर जाड, मग ती अडते. अडली की हात आपसूक केसांकडे जातो, सुई केसांतून एकदा फिरते, तेल लागतं आणि पुढचा टाका सुळकन खाली उतरतो. या कामाला लागणारं वंगण शिवणारी बाई डोक्यावर घेऊनच बसलेली असते.

टाका माणसाचा स्वभाव सांगतो. थोरल्या जाऊबाईंचा टाका मुगाएवढा, धाकटीचा शेंगेएवढा, आणि मधलीचा कधी मूग तर कधी शेंग, त्या दिवशी नवऱ्याशी बोलणं चालू आहे की बंद यावर. धावदोऱ्याच्या ओळी सरळ जायच्या असतात, पण नीट पाहिलं तर मधेच एखादी ओळ वाकडी होऊन पुन्हा वळणावर आलेली दिसते. तज्ज्ञ मंडळी तिला 'लयबद्ध विचलन' म्हणतील. त्या ठिकाणी कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला होता.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात, येल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगीजांच्या काळात गोव्यामार्गे आलेले. बोली कोकणीच्या जवळची, मराठीही कानी पडणारी. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि तीही अशीच कडेपासून आत शिवत नेतात. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी फुलं लावतात. फुलं कशासाठी, तर त्याशिवाय कवंदी नागडी दिसते, असं त्या बायका म्हणतात. बघा, अंग झाकायच्या आधी पांघरुणाचीच अब्रू झाकली. याला म्हणतात सौंदर्यदृष्टी.

निसर्ग पाहून तुकडे जोडल्याचं एक उदाहरण मात्र मी बिनतक्रार मानतो, कारण ते विनयपिटकात आहे. मगधातून जाताना गौतम बुद्धांना भातखाचरं दिसली : चौकोन, बांध, पुन्हा चौकोन, आडवे-उभे बांध एकमेकांना छेदणारे. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदानं ती केली. जगातल्या कुठल्याही डिझायनरनं हेवा करावा असा हा व्यवहार : गिऱ्हाइकाला काय हवं ते एका वाक्यात ठाऊक, नमुना डोळ्यांपुढे आणि एकदाही 'जरा वेगळं काहीतरी दाखवा' नाही. शिवाय कापून जोडलेल्या कापडावर कुणाचा डोळा जाणार नाही, हाही त्यातला विचार होता. तुकड्यांच्या कापडाला एक दिवस काचेच्या पेटीत ठेवतील आणि पेटीशेजारी पहारेकरी उभा करतील, हे तेव्हा कुणाला वाटलं असेल!

ती वेळ आणली ती श्रीमंतांनी. 1876 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं. तिथल्या जपानी दालनातली तडकलेल्या झिलईची भांडी आणि वेडीवाकडी मांडणी बघून तिथल्या बड्या घरच्या बायकांना वेड लागलं, असं सांगतात. त्यातून 'क्रेझी क्विल्ट'ची लाट आली. रेशमाचे, मखमलीचे आडवेतिडवे तुकडे आणि त्यांच्या सांध्यांवर नाजूक भरतकाम. पंचाईत अशी की या घरांत चिंध्याच नव्हत्या. म्हणून कारखान्यांनी रेशमाच्या तुकड्यांची पाकिटं विकायला काढली आणि बायका पैसे मोजून चिंध्या आणू लागल्या. त्याच 1876 साली अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा जन्म झाला. चिंध्यांचं वस्त्र पांघरून गावोगाव हिंडणाऱ्या या माणसाला लोक गोधडे महाराज असंही म्हणत. त्यांना कुणी या वेशामागची प्रेरणा विचारली असती तर उत्तराआधी हातात खराटा आला असता.

अमेरिकेतल्याच अलाबामात, नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या लोकांची ही नातवंडं-पतवंडं. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या शेतातल्या फाटक्या डेनिमच्या, पिठाच्या पोत्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 1972 साली सिअर्स या बड्या दुकानासाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला मिळालं आणि उरलेल्या तुकड्यांतून वस्तीभर कॉर्डरॉयच्या गोधड्या उगवल्या. म्हणजे तिथंही उरलं हुतं! त्यांच्या एका नमुन्याचं नाव 'लेझी गॅल' आहे. सरळ उभ्या पट्ट्या, कोपरे जुळवायची कटकट नाही. 2002 साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, तेव्हा जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांशी केली. 2006 साली टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. पण संग्रहालयात जायच्या आधी त्या गोधड्यांनी लाकडी घरांच्या फटींतून येणारा वारा अडवला होता. तो अडवला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमच्या काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग त्यास्नी पैसं मिळालं का?" प्रश्न गमतीचा नाही. हातानं शिवलेली मोठी गोधडी म्हणजे काही आठवड्यांच्या दुपारी, मानेची कळ आणि बोटाला पडलेली भोकं. तेव्हा प्रदर्शनातला आकडा मोठा दिसला तरी कामाच्या मानानं तो फार नसतो. फक्त त्यातला किती हिस्सा सुईपर्यंत पोचतो, एवढं विचारून घ्यावं. पुण्या-मुंबईत आता 'गोधड्या शिवून मिळतील' अशा पाट्या दिसतात, बायका घरी येऊन तुमच्याच जुन्या साड्यांची गोधडी करून देतात. हा व्यवहार मला सरळ वाटतो. पैसे हातात, कापड ओळखीचं आणि पायथ्याशी कुणाची साडी लावायची ते तुम्ही शेजारी बसून सांगू शकता.

नव्या गोधडीचं दुखणं वेगळंच आहे. जुनं कापडच बदललं. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या पन्नास वर्षं फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि धावदोऱ्याखालून निसटतात. आता गोधडीत लेगिंग येते, इंग्रजी मजकुराचा टी-शर्ट येतो, निवडणुकीतली उपरणी येतात. आमच्या गावात एका गोधडीत सगळ्या पक्षांची उपरणी एका दोऱ्यानं जोडलेली मी पाहिली आहेत, आणि कुणीही पक्ष बदलायला उठत नव्हतं, कारण टाके घट्ट होते. शहरातली हौशी मंडळी आणखी पुढची. ती कोरं सुती कापड आणतात, सगळं धुऊन जुनं दिसेल असं करतात, मग कापतात आणि पुन्हा जोडतात. छान दिसतं, नाही असं नाही. पण त्यांना हिरवं कधी सरतच नाही. सरलं तर दुकानात आणखी हिरवं मिळतं, आणि मग सगळी गोधडी शेवटच्या ओळीपर्यंत हिरवीच राहते. चांगली गोधडी आणि बरी गोधडी यांत फरक पडतो तो इथंच. हातात जे आहे तेवढ्यातच शेवटची ओळ पुरी करायची असते, तेव्हा नजर धारदार होते. सगळं मिळत असलं की नजर कार्डावर काय लिहायचं ते शोधू लागते.

तेव्हा घरात गोधडी असेल तर वापरा. दसऱ्याआधी ती ओढ्यावर नाहीतर गच्चीवर नेऊन धुवा आणि पिळायला दोन धट्टीकट्टी माणसं बोलवा, कारण ओली गोधडी एकट्यादुकट्याला ऐकत नाही. फाटली तर वर आणखी एक साडी चढवा. आणि एक कळकळीची विनंती : कपाटात आजीचं एखादं अस्सल सुती पातळ असेल तर ते बोहारणीला देऊ नका. आणि ती ते मागायला लागली, तर समजा की तिलाही आता सुती कापडाची किंमत कळली आहे. पातेलं बाजारात मिळतं.